मॅडमना वाईट वाटेल म्हणून?

अगं, "ताई, अजून किती दिवस जायचं?" हे मला काय विचारायलीस? हा प्रश्न राजारामपुरीतल्या त्या खोलीत, समुपदेशक मॅडमच्या समोर बसून विचारायचा. तू विचारला नसणार, कारण त्यांना वाईट वाटेल. आपल्याकडं पाहुण्यांच्या घरातनं निघायचं तरी दारात अर्धा तास जातोय, मग हे कसं सुचणार! पण समुपदेशकाकडं जायचं ते एक दिवस जायचं थांबावं म्हणूनच की. हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतंय.

आकडाच पाहिजे असला तर ऐक. १९८६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांतल्या २,४०० हून जास्त लोकांची माहिती एकत्र करून बघितली. आठ भेटींपर्यंत साधारण निम्म्या लोकांना फरक पडलेला, सव्वीसपर्यंत तीन चतुर्थांश लोकांना. ही सरासरी झाली. ज्याच्या मनात लहानपणापासूनचं काही रुतून बसलंय, त्याला जास्त वेळ लागतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

आईचा हिशोब निराळा. तू दोनदा गेलीस, जेवायला लागलीस, हसलीस, आता कशाला पैसे घालवायचे? तिचं अगदीच चूक नाही, पण पहिल्या भेटींत जे हलकं वाटतं ते बरंचसं एकदाचं बोलून टाकल्याचं असतं. काम त्याच्यापुढं सुरू होतं, आणि तिथंच जाऊ नये असं वाटायला लागतं. पप्पांचा विषय निघाला आणि लगेच तुला ऑफिसात काम निघालं, बरोबर? त्या आठवड्यात सोडायचा निर्णय तेवढा घेऊ नकोस, बाई.

मग कधी घ्यायचा? तू गेलीस कशासाठी होतीस, ते आठव. रात्र रात्र झोप नाही, दादाचा फोन वाजला की छातीत धडधड. आता फोन वाजला तर काय करतेस? वाजू देऊन नंतर निवांत लावत असशील, मॅडम काय विचारतील ते आधीच मनात ऐकू येत असेल आणि उत्तरही तुझं तूच देत असशील, तर भेटी पंधरवड्यानं, मग महिन्यानं करून बघ. सगळी दुःखं संपायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील तिथंच.

आठ-दहा भेटी होऊन काहीच हललं नसेल, तर तेही तोंडावर सांगायचं. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो. आणि कोणी तुझं बोलणं बाहेर सांगितलं, किंवा उपचार सोडून लग्नाचे सल्ले द्यायला लागलं, तर निरोपबिरोप काही नको, सरळ उठून ये.

पैसे पुरत नसतील तर ते लपवून गायब होऊ नकोस. फी कमी होईल का, भेटी लांबवता येतील का, विचार. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. रात्री-अपरात्री फारच घुसमटलं तर १४४१६, केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, मराठीतही बोलतात. दर आठवड्याच्या भेटीची जागा ती घेणार नाही, पण ती रात्र निघेल.

गोळ्यांचं मात्र यात मिसळू नकोस. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. त्या कधी आणि किती कमी करायच्या ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही, तू नाही, शेजारच्या काकी तर नाहीच.

बुधवारी जा. "मॅडम, मला थांबावंसं वाटायलंय, कसं थांबायचं?" एवढंच म्हण. थांबायचं ठरलंच, तर शेवटच्या दोन-तीन भेटी त्याच्यासाठीच ठेव. पुन्हा त्रास सुरू झाला तर काय करायचं, कोणत्या खुणा दिसल्या की परत यायचं, हे त्यांच्याकडनं कागदावर लिहून घे. आईला काय सांगायचं ते मी बघते.