हरवलेले पन्नास पैसे

आपल्या बेळगावात मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ सालचं. तिथं अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षालाच बऱ्याच जणांची गाठ 'सी' भाषेशी पडते.

एक साधा हिशेब बघूया. खडेबाजारात दोघांनी मिळून ७ रुपयांची वस्तू घेतली. वाटणी साडेतीन रुपये. पण सीमध्ये ७/२ लिहिलं की उत्तर येतं ३! दोन्ही संख्या पूर्णांक, म्हणून उत्तरही पूर्णांकच. पन्नास पैसे गळाले. एरर मात्र येत नाही. ७.०/२ लिहा, ३.५ मिळेल.

हीच चूक बिलाच्या प्रोग्राममध्ये राहिली तर दुकानदाराचं नुकसान ठरलेलं. म्हणून मित्रांनो, प्रोग्राम चालला म्हणजे बरोबर आला असं समजू नका. आधी मराठीतच कागदावर हिशेब मांडा, मग उत्तर ताडून बघा.