न बुजणारी चाकोरी

बैलगाडीच्या वाटेवर पावसाचे पाणी चाकोरीत साचलेले तुम्ही पाहिले असेल. शेजारच्या नांगरलेल्या शेतात मात्र ते चटकन मुरते. असे का बरे? मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. हवा व पाणी त्यांतूनच आत शिरते. चाकाच्या भाराने कण दाबले जातात आणि पोकळ्या मिटतात.

शेतकरी नांगर धरून माती पुन्हा सैल करतो. वाळवंटात ती कोण करणार? अमेरिकेतील मोहावी वाळवंटात १९४२ साली सैनिकांना रणगाड्यांचे शिक्षण दिले जात होते. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात! तेथे पाऊस तुरळक, म्हणून झुडपे फार सावकाश वाढतात. मातीच्या पृष्ठभागावर नीलहरित जीवाणू चिकट धाग्यांनी कण बांधून पातळ पापुद्रा तयार करतात. तो मोडला की वारा माती उडवून नेतो.

पुढे याच वाळवंटातील सरकारी जमिनीवर हौशी लोक मोटरसायकली व जीपगाड्या रस्ता सोडून पळवू लागले. बिळात राहणाऱ्या कासवांनाही त्यांचा धोका निर्माण झाला. तेव्हा १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला : सरकारी जमिनींवर वाहने कोठे न्यावीत व कोठे नेऊ नयेत, हे ठरवून द्यावे. मौज एका दिवसाची. चाकोरी मात्र नातवंडांनाही दिसते.

करून पाहा : तळाला छिद्रे असलेल्या दोन डब्यांत सारखीच माती भरा. एका डब्यातील माती ठोकून घट्ट करा. दोन्हींत पेलाभर पाणी ओता. कोणत्या डब्यात ते आधी मुरते?