हे पट्टे पाण्याचे नाहीत

सिरॅमिक कोटिंगचे सगळे पैसे आगाऊ मोजून घेतलेला दुकानदार बॉनेटवरच्या पट्ट्यांकडे धड न बघताच म्हणाला, “साहेब, तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार. हे पाण्याचे डाग आहेत.” तेव्हाच ठरवलं, हे लिहायचं. हेच उत्तर अनेकांना मिळतं आणि लोक ते निमूट ऐकून घरी येतात.

पाण्याचा डाग मला ओळखता येतो. जड पाण्यातले क्षार थेंब वाळला की मागे राहतात. म्हणून तो डाग थेंबाएवढाच, गोल आणि कडेला पांढुरका असतो. माझ्या बॉनेटवर होते ते लांब, कमानदार पट्टे. दिवसा ते जाणवतही नव्हते. रात्री पेट्रोल पंपाच्या रांगेत होतो. वरच्या ट्यूबांचा उजेड बॉनेटवर तिरपा पडला आणि काळ्या रंगावर निळे-जांभळे फराटे उमटले, पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर चमकतात तसे. खाली उतरून वाकून पाहिलं. फराटा जिथे वळत होता, तिथे पुसणाऱ्याचा हात वळला होता, इतकं ते स्पष्ट होतं. घरी येऊन शाम्पूने धुतलं, मऊ फडक्याने पुसलं, पण काडीचा फरक पडला नाही.

आणि पडणार तरी कसा? काम चाललं होतं तेव्हा मी तिथेच उभा होतो. मे महिना, वर पत्र्याची शेड, उन्हातून नुकतीच आत घेतलेली काळी गाडी. बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. मी म्हटलं, “जरा गार होऊ द्या.” “रोजचं काम आहे साहेब, टेन्शन घेऊ नका.” मग अख्ख्या बॉनेटवर एकदम कोटिंग चोळलं गेलं. मध्येच कारागिराला फोन आला. बोलणं आटोपून तो पुसायला आला तेव्हा फडकं अडकत होतं. सगळं बिघडलं ते याच वेळात. कोटिंगमधला द्रावक उडून जाताना मागचा थर धरायला लागतो आणि तो पुरता धरायच्या आत जास्तीचा भाग पुसून सारखा करायचा असतो. तापलेल्या पत्र्यावर ही वेळ फारच थोडी मिळते. हवेतल्या ओलाव्यानेही बरीच कोटिंग्ज लवकर धरतात, त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आणखी सावध राहायला हवं.

वॉरंटी कार्ड बारकाईने वाचलं तेव्हा दुकानदाराच्या उत्तराचा उलगडा झाला. त्यात लिहिलं होतं, पाण्याच्या डागांना वॉरंटी लागू नाही. म्हणजे पट्ट्यांना पाण्याचे डाग म्हटलं की त्याची जबाबदारी संपली! वर पुन्हा पॉलिश करायचे वेगळे पैसे मागितले. आणि हिऱ्यासारखा कठीण म्हणून ज्या ‘नाइन एच’च्या जोरावर हे सगळं विकलं, ते पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचं माप आहे. हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. दगड उडाला तर टवका जाणारच, शेजारच्या स्कूटरचं हँडल घासलं तर ओरखडा पडणारच. शेवटी पदरचे पैसे घालून दुसरीकडे बॉनेट पॉलिश करून परत कोटिंग करून घेतलं. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, थोडा भाग कायमचा जाणं, आणि तो थर मुळात साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. हे नुकसान कोणीच भरून देत नाही.

म्हणून गाडी देण्याआधी जागा बघा. बंद, सावलीची आणि धूळ नसलेली जागा हवी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी धुणं, मग क्ले बारने चिकटलेली घाण काढणं, मग पॉलिश, आणि पॉलिशचं तेल अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून काढणं, हा क्रम मोडू देऊ नका. तेल राहिलं की थर नीट बसत नाही. एका वेळी दोन बाय दोन फुटांपेक्षा मोठा भाग घेऊ नये. एका फडक्याने जास्तीचं उचलायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने अखेरचा हात द्यायचा. भिजलेलं फडकं वाळून कडक होतं, ते गाडीला परत लावू देऊ नका. प्रत्येक भाग झाला की हातातली एलईडी बॅटरी तिरपी धरून बघायला लावा. फराटा ताजा असेल तर त्यावरच थोडं नवं कोटिंग फिरवून लगेच पुसलं की तो बहुधा निघतो. थर घट्ट झाल्यावर मशीनने पॉलिश करण्यावाचून इलाज नाही.

घरी साधं सीलंट लावणार असाल तर काम सोपं आहे. अगदी पातळ लावा. पांढुरकी झाक आली की बोट ओढून बघा. चकाकी स्वच्छ दिसली तर पुसा, बोटाखाली चिकट फरफटलं तर थांबा. पट्टे पडतात ते बहुतेक वेळा जास्त लावल्यामुळेच. मायक्रोफायबरचं फडकं सुती कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्याला फॅब्रिक सॉफ्टनर तर मुळीच नको.

पैसे मात्र एकरकमी आगाऊ देऊ नका. गाडी संध्याकाळनंतर ताब्यात घ्या, ट्यूबच्या उजेडात बघा, फोटो काढा आणि बिलावर कोटिंगचं नाव लिहून घ्या. तरीही दुकानदार हात झटकत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही लागत नाही.