सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने लाकूड वाकविणे

अवजारास वाकडे लाकूड लागले म्हणजे आपल्याकडे दोन मार्ग आहेत. बेताची वाकडी फांदी शोधून आणणे हा एक, व सरळ ठोकळ्यातून करवतीने आकार कापणे हा दुसरा. पहिल्यात लाकूड मिळण्याचीच पंचाईत. दुसऱ्यात वळणावरचे तंतू कापले जात असल्यामुळे जोर पडताच मूठ तेथेच मोडते व प्रसंगी हातही जायबंदी होतो. सरळ लाकूड मऊ करून वाकविल्यास तंतू अखंड राहतात. हॉकीच्या काठ्यांकरिता तुतीचे लाकूड असेच वाफेवर वाकवीत आले आहेत.

लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांशी जखडलेले असतात. ते ओले असता सुमारे ८० ते १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेने नरम पडते. कोरडे असल्यास याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. वाफेची उष्णता बाहेरून आत शिरते, म्हणून इंचभर जाडीस तासभर वाफारा द्यावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनची रीत निराळी. त्यातील २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लाकडात शिरून आतल्या पाण्यासच तापवितात, त्यामुळे लहान तुकडा काही मिनिटांतच मऊ होतो. जपानात क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या रीतीचा पद्धतशीर अभ्यास केला.

यावरून ओलीचे महत्त्व उघड होईल. सरळ तंतूंचे, बिनगाठीचे व शेकडा २५ च्या सुमारास ओल असलेले लाकूड घ्यावे; भट्टीत वाळवून विकावयास आलेले लाकूड या कामी बहुधा नाठाळ ठरते. तुकड्यात खिळा वा तार राहू देऊ नये. तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा व मिनिटामिनिटाने तपासावा. ओल संपली की लाकूड आतून करपू लागते आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून ओव्हन चालू असता जवळून हलू नये.

वाकविताना लाकूड फाटते ते बहुधा बाहेरच्या अंगास. मऊ लाकूड दाबाने लांबीत चांगलेच आखडते, परंतु ताणाने शेकडा एक-दोन भागांपलीकडे लांबत नाही. यास्तव व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने एकोणिसाव्या शतकात खुर्च्यांचे लाकूड वाकविताना बाहेरच्या अंगास, दोन्ही टोकांशी जखडलेली, धातूची पट्टी लावली. ताण ती पट्टी सोसते. आपणही तसेच करावे, मात्र पट्टी ओव्हनबाहेर काढल्यावरच लावावी. जाड हातमोजे घालून लाकूड अर्ध्या मिनिटाच्या आत साच्यावर वळवावे; सुटल्यावर ते किंचित उलगडते, म्हणून थोडे अधिकच वळवावे व पुरते वाळेपर्यंत आवळून ठेवावे.

घरगुती ओव्हनमध्ये फूट-सव्वा फुटापलीकडे तुकडा मावत नाही. लहान मुठींचे काम त्यात होईल. गाडीच्या छपराच्या कमानींस लांब पेटी व उकळत्या पाण्याची वाफ हीच जुनी सोय बरी. स्वयंपाकाचा ओव्हन या कामास लावू नये, जुना निराळा ठेवावा.