वन्समोअर आणि गल्ला

लोकांच्या करमणुकीवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. एक रसिकांच्या हौसेचा व दुसरा गल्ल्याचा. वरवर पाहता हे दोन्ही हिशेब एकच आहेत असे वाटते. लोकांना हवे ते द्यावे, म्हणजे लोक पैसे देतील. यात अवघड ते काय? परंतु लोकांना हवे तेच देत राहिलेल्या संस्था कर्जात बुडाल्या, आणि लोकांच्या पुढे फार दूर निघून गेलेल्या संस्थाही टिकल्या नाहीत. हे कसे घडते याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आजच्या मुलांना जपानी व्हिडिओ गेमची नावे तोंडपाठ असतात. 'अमुक खेळ पुन्हा का काढीत नाहीत?', 'एवढे लोक मागत असताना कंपनी गप्प का?' असे प्रश्न मधल्या सुटीत आमच्या कानी येतात. विद्यार्थिमित्रांनो, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. मराठी रंगभूमीने हेच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवून पाहिले आहेत. म्हणून प्रथम घरचे उदाहरण घेऊ आणि मग जपानकडे वळू.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८८२ साली 'सौभद्र' आले. या नाटकांनी प्रेक्षकांस पदांची अशी गोडी लावली की, आवडते पद संपताच 'वन्समोअर'ची आरोळी उठे. नट पुन्हा तेच पद म्हणे. कधी तिसऱ्यांदाही म्हणे. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले.

आता या प्रथेकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहा. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दारातच दिलेले असत. वन्समोअर मागणाऱ्यास त्यासाठी निराळी दमडी मोजावी लागत नसे. मंडळीला मात्र त्याची किंमत पडे. गायकाचा दम, साथीदारांचे श्रम, दिवाबत्तीचा खर्च आणि दुसऱ्या दिवसाची मोडलेली झोप, हे सारे तिच्याच खात्यावर जाई. शिवाय नाट्यगृहात खुर्च्या ठराविक आणि महिन्यात खेळही ठराविक. म्हणजे उत्पन्नाला मर्यादा होती. रसिकांच्या हौसेला मात्र मर्यादा नव्हती. मागणाऱ्याला फुकट आणि देणाऱ्याला महाग, अशी मागणी दिवसेंदिवस वाढतच जाते, हा व्यवहाराचा पहिला धडा होय.

या धड्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आणि 'एकच प्याला'मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. प्रेक्षकांना ते 'मायबाप' मानीत आणि मायबापांना उणे पडू नये म्हणून खर्चाकडे पाहत नसत. उंची वस्त्रे, अत्तरे, नामवंत साथीदार, मोठा परिवार, सारे काही अव्वल दर्जाचे असे. मंडळीची कीर्ती वाढत गेली आणि तिच्याबरोबर कर्जही वाढत गेले. बालगंधर्वांच्या कलेत काही उणे होते म्हणून हे घडले नाही. प्रत्येक रात्री रसिकांना जे दिले जात होते त्याची किंमत तिकिटातून वसूल होत नव्हती, म्हणून घडले.

याच काळातील आणखी एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. बालगंधर्व आणि 'ललितकलादर्श' मंडळीचे केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी. या दोघांना एकाच नाटकात पाहावे ही रसिकांची फार दिवसांची इच्छा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. हा प्रयोग आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे. मग असे प्रयोग नित्य का झाले नाहीत? कारण दोन मंडळींचा खर्च एका नाट्यगृहाच्या उत्पन्नावर रोज चालणे शक्य नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले आणि तो योगही संपला. काही मागण्या एकदाच पुरविता येतात, व त्यांची गोडीही त्या एकदाच घडण्यातच असते.

आमच्या घरची भाषा कोकणी, म्हणून गोव्याच्या तियात्राचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. तियात्रात दोन पडद्यांच्या मध्ये 'कांतारां' म्हणजे गाणी होतात. यांतील बरीचशी गाणी कथेबाहेरची असतात. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट करून गायकाला परत बोलाविले, तरी कथेचा धागा तुटत नाही. संगीत नाटकात विरहाने व्याकुळ झालेली नायिका तेच पद तिसऱ्यांदा म्हणू लागली की, विरह बाजूला राहून गायन तेवढे उरे. तियात्राने रसिकांच्या हौसेसाठी खेळाच्या बांधणीतच वेगळी जागा राखून ठेवली आहे. मागणी नाकारावयाची नाही आणि तिने कथाही मोडू द्यावयाची नाही, याची ही एक चांगली युक्ती म्हटली पाहिजे.

पुढे बोलपट आला. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट काढला. बोलपटाने वन्समोअरचा हिशेबच पालटला. ज्याला पुन्हा पाहावयाचे असेल त्याने पुन्हा तिकीट काढावे! मागणीची किंमत आता मागणाऱ्याकडे आली. एका चित्रपटाच्या अनेक प्रती एकाच वेळी अनेक गावांत चालू लागल्या, आणि नाटक मंडळ्यांना तोंड देणे कठीण झाले.

बालगंधर्वांची लोकप्रियता पाहून प्रभातने त्यांना १९३५ सालच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका दिली. परंतु प्रेक्षकांचे प्रेम रंगमंचावरील भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू यांच्यावर जडलेले होते. माणूस तोच असूनही लोकांना जे हवे होते ते पडद्यावर नव्हते. प्रभातबरोबर बालगंधर्वांचा हा एकच चित्रपट झाला. रसिक एखादे नाव घेऊन मागणी करतात, तेव्हा त्या नावामागे नेमके काय मागतात हे ओळखावे लागते, हा दुसरा धडा.

याउलट पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. एवढ्या यशानंतर वर्षानुवर्षे संतपटच काढीत राहावे असा मोह कोणालाही झाला असता. प्रभातने 'संत ज्ञानेश्वर' काढला खरा. पण त्याच्या आगेमागे 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) असे समाजाला अवघड प्रश्न विचारणारे चित्रपटही काढले. लोकांच्या आवडीच्या चित्रपटाने तिजोरी भरावी आणि त्या बळावर लोकांनी कधी न मागितलेले काही त्यांच्यापुढे ठेवावे, असा हा क्रम होता.

केवळ पुढे धावून मात्र चालत नाही. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. पदे अगदी थोडी, स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केलेल्या, नेपथ्य वास्तवाला धरून. इतिहासात या नाटकाचे स्थान मोठे आहे. परंतु संस्था दोन-तीन वर्षांत थांबली. पुढे २४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले, तेव्हा दोन्ही टोकांचा मेळ बसला. दोन गायकी घराण्यांचा संघर्ष हाच त्या नाटकाचा विषय असल्यामुळे गाणे कथेला अडवीत नाही, तर कथेला पुढे नेते. जितेंद्र अभिषेकींचे संगीत व वसंतराव देशपांड्यांचे गायन यांनी जुन्या रसिकांची तहान भागली आणि नवे रसिकही मिळाले. २०१५ साली त्यावर निघालेल्या चित्रपटालाही चांगले यश लाभले.

एवढी शिदोरी घेऊन आता आपण जपानला जाऊ. तेथील निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात 'हानाफुदा' नावाचे खेळायचे पत्ते बनविण्यासाठी सुरू झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हिडिओ गेमचा व्यवहार बोलपटासारखा आहे. पहिली प्रत तयार होईपर्यंत शेकडो माणसांचे कित्येक वर्षांचे श्रम लागतात. त्यानंतरच्या प्रतींना फारसा खर्च नाही. म्हणून पहिल्या प्रतीवर पैसा ओतण्यापूर्वी प्रकाशक एकच प्रश्न विचारतो : मागणारे किती आणि घेणारे किती?

काही वेळा तो सावधपणे होकार देतो. 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' हा खेळ २०१० साली जपानमध्ये निघाला. अमेरिकेत तो विकण्याचा निन्टेन्डोचा विचार दिसेना, तेव्हा २०११ मध्ये तेथील चाहत्यांनी पत्रे पाठवून मोहीम चालविली. कंपनीने २०१२ च्या एप्रिलमध्ये तो तेथे आणला. मात्र मोजक्याच विक्रेत्यांमार्फत. धोका थोडा ठेवून मागणीचे वजन करून पाहिले. अंदाज खरा ठरला आणि पुढे त्या खेळाची मालिका झाली.

काही वेळा जुनेच नव्याने घडविले जाते. कॅपकॉम कंपनीचा १९९८ सालचा 'रेसिडेंट ईव्हिल २' नव्या रूपात यावा अशी मागणी अनेक वर्षे होती. कंपनीने तो जसाच्या तसा न छापता मुळापासून नव्याने बांधला. २०१९ च्या जानेवारीत तो आला आणि महिनाभरात त्याच्या ४० लाख प्रती गेल्या. 'कट्यार'ने जे साधले तेच येथेही साधले : आठवण जुनी, बांधणी नवी.

त्याच कॅपकॉमने दुसरीकडे चाहत्यांना दुखावलेही. 'मेगा मॅन लेजंड्स ३' हा खेळ २०१० मध्ये जाहीर करून, पात्रांचे रूप ठरविण्यासही चाहत्यांना बोलाविण्यात आले. त्यांनी आपल्या कल्पना दिल्या, मते नोंदविली. २०११ च्या जुलैमध्ये खेळ रद्द झाला. मागणी नाकारली तर माणूस खट्टू होतो. पण पंगतीला बोलावून पानावरून उठविले तर तो अपमान विसरत नाही.

आता 'शेनमू ३' पाहा. चाहत्यांनीच २०१५ मध्ये वर्गणी जमविली. सुमारे ६९ हजार लोकांनी ६३ लाखांहून अधिक डॉलर दिले आणि २०१९ मध्ये खेळ निघाला. येथे मागणाऱ्यांनी आपल्या मागणीची किंमत स्वतः उचलली, म्हणून त्यांचा शब्द खरा झाला. आणि निन्टेन्डोचा 'मदर ३'? तो २००६ साली जपानीत निघाला. इंग्रजीत कंपनीने तो कधीच काढला नाही. २००८ मध्ये चाहत्यांनी आपल्याच कष्टाने त्याचे भाषांतर केले. त्यांची माया खरी होती. प्रकाशकाच्या हिशेबात मात्र ती बसली नाही.

या शेवटच्या उदाहरणापाशी आपण बऱ्हाणपूरकरांनी थोडे थांबावे. आपले गाव व्यापाराचे. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथे आला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि त्याही पलीकडे जात असल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. दूरच्या गिऱ्हाइकाला काय हवे हे येथील विणकर जाणत होता, म्हणून त्याचा माल तेथवर पोचत होता. परंतु माग विणकराचा असला, तरी तो चालता ठेवणारा गिऱ्हाईकच असतो.

आपण मध्यप्रदेशात राहून घरी मराठी बोलतो व शाळेत मराठीतून शिकतो. मराठी पुस्तके येथे मिळत नाहीत, मराठी नाटक इकडे फिरकत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो, करतोही. ही तक्रार खोटी नाही. परंतु प्रकाशकाच्या आणि नाटकवाल्याच्या जागी बसून क्षणभर पाहा. त्याला आपली हळहळ ऐकू जात नाही. त्याला खपलेल्या प्रती आणि भरलेल्या खुर्च्या दिसतात. जेथे बोलणारे थोडे असतात, तेथे प्रत्येकाच्या एका पुस्तकाला व एका तिकिटाला अधिक मोल असते. घरोघरी वर्षाकाठी दोन मराठी पुस्तके विकत घेतली गेली, चार कुटुंबांनी मिळून एक दिवाळी अंक मागविला, शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके कपाटातून बाहेर पडली, तर ती आपली मागणी ठरेल. शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलांची पटावरील संख्या हीदेखील एक मागणीच आहे, व ती मोजणारे ती दरवर्षी मोजत असतात.

म्हणून मुलांनो, आवडत्या खेळासाठी कंपनीला जरूर पत्र लिहा. त्याने कधीकधी खरोखरच काम होते. मात्र टाळी आणि तिकीट यांतला फरक ध्यानी असू द्या. टाळीने कलावंताला उमेद येते, तिकिटाने त्याची चूल पेटते. आणि ज्याची चूल पेटत नाही त्याच्याकडे वन्समोअर मागण्यात अर्थ नाही.

अभ्यासासाठी : (१) आपल्या स्नेहसंमेलनात यंदा कोणत्या कार्यक्रमाला सर्वांत अधिक टाळ्या पडल्या आणि कोणत्या कार्यक्रमासाठी लोक शेवटपर्यंत बसून राहिले, याची नोंद करा, दोन्हींची उत्तरे एकच येतात काय? (२) आपल्या घरी गेल्या वर्षभरात विकत घेतलेल्या मराठी पुस्तकांची यादी करा आणि वर्गातील सर्वांच्या याद्यांची बेरीज फळ्यावर मांडा. (३) जुनी गोष्ट नव्याने सांगावयाची झाल्यास तुम्ही कोणती निवडाल, आणि तीत काय ठेवाल व काय बदलाल, हे दहा ओळींत लिहा.