सणाहून परत येताना
(आईबापांकरिता पाठ. वाचावयाचा भाग : लूककृत शुभवर्तमान, अध्याय २, ओव्या ४१ ते ५२)

नाताळ व नवे वर्ष ह्यांमधील आठवड्यात आपल्या मंडळ्यांत जे पाठ घेतले जातात ते बहुधा गव्हाणीचे, मेंढपाळांचे व मागी लोकांचे असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरच्या आईबापांनी ह्याच दिवसांत लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवटचा भागही वाचावा, अशी आमची सूचना आहे. तो बाळाविषयी नसून बारा वर्षांच्या मुलाविषयी आहे. आणि त्यात सणाची हकीकत थोडी व सणाहून परत येण्याची अधिक आहे.

प्रथम प्रसंग नीट समजून घेऊ. योसेफ व मरीया हे दरवर्षी वल्हांडणाकरिता यरुशलेमेस जात असत. नासरेथापासून यरुशलेम सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर आहे, आणि डोंगरांतून जाणारी वाट त्याहून लांब. म्हणजे पायी चालणारास तीन-चार दिवस सहज लागत. अशा वाटेने एकटेदुकटे कोणी जात नसे. गावचे व नात्यातले लोक जमावाने निघत. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे वल्हांडणाचा महिना हाच वर्षाचा पहिला महिना धरावयाचा होता. तो काळ आपल्या चैत्राच्या सुमारास येतो. (हल्ली यहूदी लोक आपले नवे वर्ष शरद ऋतूत पाळतात, तो हिशेब निराळा आहे.) तेव्हा हे कुटुंब सण आटोपून घरी निघाले त्या वेळी त्यांच्याही वर्षाचा आरंभच होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

नव्या वर्षाविषयी येथे दोन शब्द सांगितल्यास वावगे होणार नाही. १ जानेवारी हा दिवस सर्व ख्रिस्ती राष्ट्रांनी सदोदित नववर्ष म्हणून पाळला असे नाही. खुद्द इंग्लंडात कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. पुढे १७५२ सालापासून ते १ जानेवारीस आणले गेले. आपल्या मुलखात पाडवा आहेच. सालदाराचे वर्ष पाडव्यास किंवा अक्षय तृतीयेस पालटते, शाळेचे वर्ष जूनच्या अखेरीस सुरू होते, सरकारी हिशेबाचे १ एप्रिलपासून. १ जानेवारीस आमच्या मुलांना शाळेची सुट्टीदेखील नसते. तथापि धानाच्या ह्या मुलखात वर्षाचा खरा हिशेब ह्याच दिवसांत होतो. पीक खळ्यावरून उतरलेले असते, देणेकरी दारात येतात, पाहुणे येतात, आणि पुढचे चार-सहा महिने घर कसे चालावयाचे हे ठरते. त्यामुळे आमच्या घरांत नाताळ, नववर्ष व वर्षाचा हिशेब ही तिन्ही एकदमच उभी राहतात.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे चित्र ओळखीचे वाटेल. एका बाजूस ब्रिटिश अमदानीत बांधलेला मोठा तलाव, भोवती टेकड्या व रान, आणि पलीकडे नागझिऱ्याचे अभयारण्य, जे २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. ३१ डिसेंबर व १ जानेवारी ह्या दिवशी शहरांतले लोक मोटारी घेऊन तलावावर सहलीस येतात. गावचा मनुष्य मात्र त्याच दिवशी बांधीतून राहिलेले तणस गोळा करीत असतो, लाखोरीवर नजर ठेवीत असतो, किंवा धान विकावयास गेलेला असतो.

आता शास्त्रभागाकडे वळू. सण संपला, जमाव निघाला, आणि मुलगा यरुशलेमेत मागे राहिला. आईबापांस ते कळले नाही. तो बरोबरच्या लोकांत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. कित्येक टीकाकार म्हणतात की, बायका पुढे व पुरुष मागे असे चालत असल्यामुळे मुलगा दुसऱ्याकडे असेल असे प्रत्येकास वाटले. तसे असेलही, परंतु शास्त्रात तसे लिहिलेले नाही, म्हणून वर्गात ते निश्चित म्हणून शिकवू नये. शास्त्र इतकेच सांगते की त्यांनी तसे गृहीत धरले. ही आईबापे निष्काळजी नव्हती, मुलाचा कंटाळा केलेली नव्हती, देवाचे सण चुकविणारीही नव्हती. गर्दीत सगळी आपलीच माणसे होती, आणि म्हणूनच मुलाकडे वळून पाहण्याची गरज त्यांस वाटली नाही. परक्यांच्या गर्दीत आपण मुलाचा हात धरून चालतो. आप्तांच्या गर्दीत तो हात केव्हा सुटतो हे समजत नाही.

हे लिहिणाराने पुस्तकात वाचण्याआधी स्वतः भोगले आहे, म्हणून येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी २४ डिसेंबरला आम्ही धान घेऊन खरेदी केंद्रावर गेलो होतो. चाळीस किलोचे छत्तीस कट्टे. हा माल किती मोलाचा हे शेतकऱ्यास सांगावयास नको; २०२५-२६ च्या खरीप हंगामाकरिता साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलास २३६९ रुपये ठरला, त्या भावाने एक कट्टा साडेनऊशे रुपयांच्या आतच येतो, आणि छत्तीस कट्ट्यांचे चौतीस हजारांवर होतात. त्यातून खत, मळणी यंत्राचे भाडे व सोसायटीचे कर्ज फेडून उरेल ते घरचे. त्या दिवशी आमचा क्रमांक लागेना. शिवाय बँकेच्या पासबुकाची एक प्रत कमी पडली. आमचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला मी म्हणालो, “कट्ट्यांजवळ बस. मी येईपर्यंत उठू नको.” आणि मी प्रत काढावयास निघून गेलो.

पुढे वाटेत नाताळकरिता आलेले पाहुणे भेटले. दुकान बंद होते. पाहुणे म्हणाले, आता वजन काही आज होत नाही, घरी चला. आणि मी त्यांच्या गाडीवर बसलो. मुलगा त्याच्या मामाच्या ट्रॅक्टरवर येईल असे माझ्या मनात होते. मामा तर दुपारीच परतला होता, आणि मुलगा बापाबरोबर आहे असे त्याने घरी सांगितले होते. घरी करंज्या तळणे चालले होते, अंगणात तरुण मंडळी गीतांची तयारी करीत होती, कोणी येत होते, कोणी जात होते. आठ वाजता पाने वाढली तेव्हा एक पान जास्त उरले. मुलाच्या आईने विचारले, “पोरगा कुठं आहे?” मी म्हणालो, “असेल मामाकडे.” मामाकडे तो नव्हता. शेजारी नव्हता. दोन नातलगांची घरे पाहिली, तेथेही नव्हता. तेव्हा माझे पाय लटपटू लागले, कारण त्या वाटेला रान आहे आणि बिबट्याची ये-जा आमच्याकडे नवी नाही.

रात्री दहाच्या सुमारास केंद्रावर पोहोचलो. चौकीदाराने शेकोटी केली होती. पण मुलगा शेकोटीजवळ नव्हता. तो कट्ट्यांना टेकून, रिकामे बारदान अंगावर ओढून बसला होता. चौकीदार म्हणाला, “किती बोलावलं, उठेचना. बाबांनी सांगितलं म्हणतो.” मला पाहून मुलगा रडला नाही. तो म्हणाला, “बाबा, छत्तीसही आहेत. मी मोजले.”

घरी आल्यावर त्याच्या आईने मला एकच वाक्य ऐकविले : “कट्टे मोजून घेतलेत, पोर मोजलं नाही.” त्यास आजपर्यंत माझ्याजवळ उत्तर नाही.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. दृष्टांत फार ताणू नये. मंदिरातला मुलगा आपल्या समजुतीने, आपल्या पित्याच्या कार्यासाठी मागे राहिला होता. माझा मुलगा बापाच्या एका बेफिकीर शब्दाने बांधला जाऊन बसला होता. दोहोंची बरोबरी होत नाही. परंतु आईबापांच्या बाजूने पाहिले तर चूक एकच आहे, आणि ती शोधण्याची रीतही एकच : प्रथम नातलगांत, ओळखीच्यांत, आणि मग जेथून निघालो तेथे परत. मरीयेचे बोलणेही पाहा. तिने मुलास विचारले खरे, पण तो कोठे गेला होता हे नव्हे. त्याने असे का केले हे विचारले, आणि आपण दोघे किती कष्टी होऊन शोधत होतो हे सांगितले. त्यात तिने आपल्याआधी बापाचे नाव घेतले. घरात दोष वाटून घेण्याची वेळ आली असता एकमेकांकडे बोट दाखविणाऱ्या आम्हा नवराबायकोंस हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मूल हरवणे म्हणजे नेहमी वाटेवर हरवणे असे नव्हे. हल्ली घराच्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेले मूल आपल्या डोळ्यांसमोर असते, म्हणून ते आपल्याबरोबर आहे असे आपण समजतो. कापणी-मळणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळावयास घरी ठेवलेली मुलगी नाताळनंतरही शाळेत गेली नाही, हे कित्येक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. ती घरातच तर आहे! दिवाळीनंतर मंडई, मग रात्रीची नाटके, मग नाताळ, मग नवे वर्ष. ह्या झाडीपट्टीत पाहुण्यांचा ऋतू लांब आहे, आणि त्यात मुलीचे पंधरा दिवस, महिना केव्हा जातो ते समजत नाही.

ह्याहून अवघड प्रश्न स्थलांतराचा. धान आटोपल्यावर आपल्या पूर्व विदर्भातील कित्येक कुटुंबे मजुरीस बाहेर पडतात. काही शहरांकडे, काही तेलंगणात मिरची तोडावयास. जावे की न जावे हे पोट ठरविते, त्यात उपदेश करणे आम्हांस शोभत नाही. परंतु मूल बरोबर न्यावे की आजीजवळ ठेवावे, हे गाडीत बसण्याच्या आदल्या रात्री ठरवू नये. शक्य तर आजीजवळ ठेवावे, आणि आजीला खरोखर झेपेल का हे आजीलाच विचारावे. न्यावयाचेच असेल तर मुख्याध्यापकांस आधी भेटावे व शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास जेथे जाल तेथल्या सरकारी शाळेत त्याच्या वयाच्या वर्गात बसता येते, आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळावयास उशीर झाला ह्या कारणाने त्याला परत पाठविता येत नाही. मंडळीतील शिक्षकांनी ही माहिती ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेस जमणाऱ्या लोकांस सांगितली तर ती त्या रात्रीच्या उपदेशाइतकीच उपयोगी पडेल.

आमच्या घरी त्या वर्षापासून एक रीत पडली आहे. १ जानेवारीस सकाळी, शाळेची घंटा होण्यापूर्वी, मुलगा व मी तलावाच्या पाळीवर जातो. थंडीत पाण्यावर बदके उतरलेली असतात. तो मोजतो, मी चुकतो. मागच्या वर्षी दिलेली कोणती वचने बाबांनी पाळली नाहीत हे त्याने तेथे सांगावयाचे असते, आणि मी सबब सांगावयाची नसते. पहिल्या वर्षी पाच निघाली. त्यांतील सायकल अजून राहिलीच आहे.

वर्ग घेणाऱ्यांनी पुढील प्रश्न विचारावे. आपल्या मुलाचा शेवटचा हजेरीचा दिवस कोणता, हे वर्गातील किती बापांस सांगता येते? मूल बरोबर आहे असे समजून आपण मागच्या महिन्यात किती वाट चाललो? बारा वर्षांचा तो मुलगा नासरेथास परत गेल्यावर घरात कसा राहिला? आणि मरीयेने ह्या सर्व गोष्टींचे पुढे काय केले, हे ५१ व्या ओवीत आहे. ती ओवी वर्गातील एखाद्या आईकडून वाचवून घ्यावी, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलाने तिच्याजवळ बसून वाचावी.