पॅच कधी काढायचा

चंडीगड, मे महिना

चि. निखिल,

तुझा मेसेज वाचला, ईशानच्या कमरेवरच्या पॅचच्या जागेचा फोटोही मोठा करून पाहिला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेलं विसरतोस. आता तर ईशानसारखंच तुलाही एडीएचडी आहे असं डॉक्टरांनीच लिहून दिलंय, तेव्हा रागावू नकोस. पत्र केतकीलाही वाचायला दे.

फोटोतली लाली चौकोनाच्या आतच आहे, कडा सरळ आहेत, सूज नाही, फोड नाही. अशी लाली बऱ्याच मुलांना येते आणि पॅच काढल्यावर दिवसभरात उतरते. उद्याचा पॅच दुसऱ्या बाजूला लाव, रोज बाजू बदल, आणि चड्डीचं इलॅस्टिक घासेल अशी जागा टाळ. मात्र लाली चौकोनाबाहेर पसरली, त्वचा सुजली, पाणीदार पुटकुळ्या आल्या किंवा दोन दिवसांतही उतरली नाही, तर ती ॲलर्जी असू शकते. मग पॅच बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. अंगावर पुरळ उठलंय, क्रीम लावू आणि चालू ठेवू, असं करायचं नाही. पॅचमुळे एकदा का त्यातल्या मिथाइलफेनिडेटची ॲलर्जी बसली, की काहींना ते औषध गोळीतूनही घेता येत नाही.

पांढऱ्या डागांबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. २०१५ साली अमेरिकेच्या एफडीएने डेट्राना, म्हणजे ईशानच्याच पॅचच्या माहितीपत्रकात एक इशारा घालायला लावला. काही जणांच्या त्वचेचा रंग पॅचच्या जागी कायमचा जातो, क्वचित जिथे पॅच कधी लावलाच नाही तिथेही. पॅच सुरू केल्यावर दोन महिन्यांनी झाल्याची नोंद आहे, तशी चार वर्षांनी झाल्याचीही. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्षात येत नाही. जिवाला त्यापासून धोका नाही. पण ईशानसारख्या सावळ्या पोराच्या अंगावर तो डाग उठून दिसणार, आणि आपल्याकडे असा डाग दिसला की लोक काय म्हणतात, त्याच्या लग्नापर्यंत कशी चर्चा नेतात, ते तुला माहीत आहे. तेव्हा दर रविवारी अंघोळीच्या वेळी चांगल्या उजेडात दोन्ही बाजू नीट बघायच्या. रंग फिकट वाटला तरी फोटो काढून डॉक्टरांना पाठव.

आता तुझं मुख्य गाऱ्हाणं, झोप आणि भूक. रात्री अकरापर्यंत पोरगा छताकडे बघत पडतो, म्हणून डोस कमी करायचा का, असं विचारतोस. डोसला हात लावण्याआधी घड्याळ बघ. तुम्ही पॅच लावता साडेआठला, शाळेच्या बसमागे धावता धावता, आणि काढता आठवण होईल तेव्हा. गुण दिसायला सुमारे दोन तास लागतात, म्हणजे शाळेचे पहिले तास फुकट गेले. काढल्यावरही औषधाचा अंमल काही तास टिकतो, म्हणजे सहा-साडेसहाला काढलेला पॅच अकरापर्यंत जागा ठेवणारच. सकाळी साडेसहाला तो अंथरुणात लोळत असतानाच लाव. कोरड्या, स्वच्छ त्वचेवर ठेवून तळहाताने अर्धा मिनिट दाबून धर. साडेतीनला काढ. नऊ तास ही कमाल मर्यादा आहे, रोज ती गाठलीच पाहिजे असं नाही. तरीही झोप येत नसेल तर डॉक्टरांना विचारून आणखी लवकर काढता येईल. गोळी एकदा गिळली की गिळली, पॅच मात्र मधेच काढता येतो. मला विचारशील तर एवढ्या महागड्या चिकटपट्टीचा खरा फायदा एवढाच, आणि तोच तुम्ही वापरत नाही. गजर तुझ्या फोनवर नको, केतकीच्या फोनवर लाव.

भुकेचंही उत्तर याच घड्याळात आहे. औषध चढायच्या आत पोट भरून नाश्ता झाला पाहिजे. दूध-कॉर्नफ्लेक्सवर भागवू नका. लोणी घातलेलं थालीपीठ, अंडी, शिरा, जे आवडेल ते. दुपारचा डबा तसाच परत येईल. औषधांच्या काउंटरवर बसायचे तेव्हा किती आया हेच सांगायच्या, डबा उघडायचा आणि आत पोळीची गुंडाळी जशीच्या तशी. त्यावरून पोराला ओरडण्यात अर्थ नाही, त्याला खरंच भूक नसते. पाच-सहाच्या सुमाराला ती परत येते आणि तेव्हा तो चिप्सचं पाकीट शोधतो. त्या वेळी समोर वरण-भात-तूप असू दे, झोपण्याआधी पुन्हा काहीतरी. दर तीन महिन्यांनी वजन आणि उंची एका वहीत लिही. आलेख सपाट होऊ लागला तर डॉक्टर औषध बदलतील किंवा सुट्टीत थांबवतील. ते त्यांनी ठरवायचं. तू नाही, आणि तुझ्या आईने तर नाहीच.

जूनमध्ये इकडे येताय, तर उन्हाळ्याचं ऐक. चंडीगडचा पारा जूनमध्ये चाळिशी ओलांडतो. पॅचवर थेट उष्णता पडली की औषध जास्त आणि लवकर शोषलं जातं, म्हणून गरम पिशवी, हेअर ड्रायर त्याच्या आसपास नको. घामोळं आलेल्या जागेवर पॅच लावायचा नाही, सुजल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. घामाने किंवा सुखना तलावावर हुंदडून पॅच निसटला तर नवा दुसऱ्या जागी लावता येतो, पण दिवसाचे एकूण तास तेवढेच. पाकिटं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि शहाणपणा करून फ्रिजमध्येही नको, खोलीतलं थंड कपाट पुरे. ताई, म्हणजे तुझी आई, सकाळी ईशानला तेल चोळायला बसणार. तेलकट अंगावर पॅच धरत नाही, तेव्हा मालिश संध्याकाळी. डिंक कातडीला चिकटून राहिला तर मात्र तेलच कामाला येतं.

हे पॅच आपल्याकडे मिळत नाहीत. इथले डॉक्टर मिथाइलफेनिडेटची गोळी देतात किंवा ॲटोमॉक्सेटिन, आणि त्यांवर मुलांचं छान चालतं. मिथाइलफेनिडेट आणि ॲम्फेटामिन दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात येतात. म्हणून मूळ खोकी, सही-शिक्क्याचं प्रिस्क्रिप्शन आणि मुक्कामापुरतेच पॅच हातातल्या बॅगेत आण. किती आणता येतील ते निघण्याआधी भारतीय वकिलातीकडून लेखी विचारून घे. कमी पडले तर कुरिअरने मागवायचे नाहीत, फुकट पोलिसांचं लचांड मागे लागेल. गरज पडलीच तर सेक्टर १२ मध्ये पीजीआय आहे, तिथे मुलांच्या मानसोपचाराची सोय आहे.

आता तुझ्याबद्दल. तुझा पॅच डेक्स्ट्रोॲम्फेटामिनचा, २०२२ मध्ये मोठ्यांसाठीही मंजूर झालेला. ईशानचा वेगळा, तो २००६ पासून मुलांसाठी आहे. एकाचा संपला म्हणून दुसऱ्याचा लावायचा नाही. तोंड कोरडं पडतं, छातीत धडधडतं, बायकोवर खेकसतो, असं लिहितोस आणि त्याच मेसेजमध्ये दिवसाला पाच कॉफ्या! आधी कॉफी दोनवर आण, मग औषधाला नावं ठेव. घरी बीपीचं मशीन ठेव, आठवड्यातून एकदा सकाळी आणि पॅच चढल्यावर दुपारी आकडे घे. सर्दीच्या औषधांत स्यूडोएफेड्रिन असेल तर ते बीपी आणखी चढवतं, विचारल्याशिवाय घेऊ नको. आपल्या घराण्यात हृदयविकार आहे, अण्णा पन्नाशीत गेले, हे डॉक्टरांना सांगितलं आहेस का? नसेल तर याच आठवड्यात सांग.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, एकदम हिंसक होणं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काही दोघांपैकी कोणालाही झालं तर पॅच ओढून काढ आणि थेट इमर्जन्सीत जा. पुरुषांच्या बाबतीत लिंगाचा ताठरपणा तासन् तास उतरला नाही तर तेही तातडीचंच. ईशान लाजून सांगणार नाही, म्हणून त्याच्याशी एकदा तूच मोकळं बोल.

वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि झाकणाच्या डब्यात टाकायचा. आमचा कुत्रा मोती जमिनीवर पडलेलं काहीही चघळतो, तेव्हा इथे आल्यावर तो डबा वरच्या फळीवर.

ताईला मी आधीच सगळं समजावून ठेवते. "अभ्यासाला बसवा, औषधं कसली देता" हे ती म्हणेलच, तेव्हा तू वाद घालू नकोस, मी बघते. येताना ती वजन-उंचीची वही आण.

तुझी,
मावशी